दुएरोकांठचे दुर्ग

किल्ला पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा दोन गोष्टींचें वर्णन करीत परत येतो. एक तटाची उंची, दुसरी चढणीचा त्रास. ज्या शत्रूसाठीं तो तट उभारला तो शत्रू निघून गेल्यावर किल्ल्यानें पुढचीं शेंकडों वर्षें कशाच्या आधारावर काढलीं, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. स्पेन देशांतील दुएरो नदीच्या कांठीं गेलें असतां मात्र तो टाळतां येत नाहीं. म्हणून या महिन्यांत वाचकांस तिकडे न्यावें असें आम्हीं योजिलें आहे.

दुएरो नदी उत्तर स्पेनमधील डोंगरांत उगम पावते व सुमारें ९०० किलोमीटर वाहत जाऊन पोर्तुगालांतील पोर्तो शहराजवळ अटलांटिक महासागरास मिळते. तिच्या मधल्या टप्प्यांतील मुलखास रिबेरा देल दुएरो, म्हणजे दुएरोकांठ, असें म्हणतात. मुलूख उंचावरचा, समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० ते १,००० मीटर. हिवाळा कडक, उन्हाळ्यांत दिवसा अंग भाजून निघतें आणि रात्रीं पांघरूण शोधावें लागतें. गव्हाचीं शेतें, मधून मधून पाइनचीं रानें, आणि त्यांच्या जोडीला दूरवर पसरलेले द्राक्षमळे. जुन्या वेली मांडवावर न चढवितां जमिनीलगतच राखलेल्या असल्यामुळें, नाशिककडील मांडव पाहिलेल्या डोळ्यांस त्या प्रथम झुडुपेंच वाटतात. १९८२ सालीं येथील द्राक्षमद्यास या प्रदेशाच्या नांवाचा अधिकृत शिक्का मिळाला. या मळ्यांतून जात असतां थोड्या थोड्या अंतरावर एखादी टेकडी उठते आणि तिच्या माथ्यावर किल्ला दिसतो.

इतके किल्ले येथेंच कां, याचें उत्तर नदीच देते. इसवी सनाच्या दहाव्या शतकांत हा कांठ म्हणजे दोन राज्यांची सरहद्द होती. उत्तरेस ख्रिस्ती सरदार, दक्षिणेस कोर्दोव्ह्याची मुसलमानी खिलाफत. या भागास ‘कास्तील’ हें नांव पडलें तेंच मुळीं ‘किल्ल्यांचा देश’ या अर्थानें. नदीच्या वरच्या अंगास गोर्माझ नांवाचा प्रचंड दुर्ग आहे. खलिफा दुसरा हकम याच्या कारकीर्दींत, सुमारें ९६५ सालीं, त्याचा सेनापति गालिब यानें तो वाढविला. तटाचा घेर सुमारें एक किलोमीटर, बुरूज पंचविसांहून अधिक, आणि दक्षिणेच्या बाजूस घोड्याच्या नालासारख्या आकाराची भव्य दुहेरी कमान. अकराव्या शतकाच्या मध्यास तो कास्तीलच्या हातीं आला. पुढें १०८५ सालीं तोलेदो शहर पडलें आणि सरहद्द दूर दक्षिणेकडे सरकली. नदीकांठच्या पहारेकऱ्यांस पाहावयास समोर शत्रूच उरला नाहीं!

गोर्माझचा दुर्ग आज ओसाड आहे. कमानींतून वारा येतो आणि जातो. स्पेनच्या सरकारनें २२ एप्रिल १९४९ रोजीं हुकूम काढून देशांतील सर्व किल्ले, ते कितीही पडझडीस आलेले असोत, आपल्या संरक्षणाखालीं घेतले. ही गोष्ट स्तुत्य खरी. परंतु कायद्यानें फार तर दगड जागेवर राहतो, त्यांत वस्ती येत नाहीं.

याच्या उलट प्रकार पेन्याफियेल येथें दृष्टीस पडतो. वाय्यादोलीद जिल्ह्यांतील हें लहानसें गांव. गांवामागें एक अरुंद, लांबट टेकडी आहे आणि तिच्या पाठीच्या आकारानेंच वर किल्ला बांधलेला आहे. लांबी २०० मीटरांहून थोडी अधिक, रुंदी मात्र ३५ मीटरांच्या आंतबाहेर, आणि मध्यभागीं ३४ मीटर उंचीचा चौकोनी बुरूज. खालून पाहिलें म्हणजे पांढऱ्या दगडाचें एखादें गलबत डोलकाठीसह टेकडीवर येऊन थांबलें आहे असा भास होतो. काउंट सांचो गार्सिया यानें हें स्थान परत जिंकतांच तलवार जमिनींत रोवून, ही शिळा यापुढें कास्तीलशीं एकनिष्ठ राहील, असें उद्गार काढले आणि त्यावरून ‘निष्ठावंत शिळा’ या अर्थाचें हें नांव पडलें, अशी दंतकथा आहे. आजची इमारत बहुतांशीं पंधराव्या शतकांतील. कालात्राव्हा नांवाच्या धर्मवीरसंघाचा प्रमुख पेद्रो हिरोन यानें ती उभारविली. १९१७ सालीं तिला राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला, आणि १९९९ सालीं किल्ल्याच्या एका चौकांत जिल्ह्याचें मद्य-संग्रहालय उघडण्यांत आलें. नदीपलीकडे कुरियेल येथील जुना किल्ला तर नव्या शतकांत पुन्हां बांधून काढून त्याचें हॉटेल करण्यांत आलें.

मद्य-संग्रहालय हा शब्द वाचून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळीं आठी पडली असेल, आणि तिचा आम्ही अनादर करीत नाहीं. ज्या घरांत द्राक्षें नैवेद्याच्या ताटापलीकडे जात नाहींत, त्या घरच्या माणसास दुर्गाचा असा विनियोग रुचणें कठीण. तथापि न्याय करावयाचा तो पुरतें पाहून करावा. त्या टेकडीच्या पोटांत लांबच लांब भुयारें खोदलेलीं आहेत व त्यांत द्राक्षरस मुरत ठेवण्याची पद्धत जुनी आहे. १९२७ सालीं गांवच्या मळेवाल्यांनीं एकत्र येऊन स्थापन केलेल्या प्रोतोस या मंडळीचीं भुयारेंही त्याच टेकडीखालीं आहेत. म्हणजे वर किल्ला आणि खालीं गांवाची उपजीविका, अशी एकाच टेकडीची ही दोन अंगें. गांव आपल्या पोटाच्या धंद्याचा इतिहास जेथें मांडतें, तेथें त्याचें येणेंजाणें राहतें; आणि येणेंजाणें राहिलें म्हणजे गळकें छप्पर कोणाच्या तरी ध्यानांत येतें. पाहणाऱ्यानें पेला हातीं घेतलाच पाहिजे अशी कोणाची सक्ती नाहीं.

पण पेन्याफियेलची खरी ठेव आम्हांस त्या गलबतांत आढळली नाहीं. ती खालीं गांवांत, सान पाब्लो नांवाच्या मठापाशीं आहे. चौदाव्या शतकांत पेन्याफियेलचा धनी डॉन हुआन मानुएल हा होता. जन्म १२८२, मृत्यु १३४८. विद्वान् राजा दहावा आल्फोन्सो याचा हा पुतण्या. तरवारीइतकाच लेखणींतही निपुण. सान पाब्लोचा मठ त्यानेंच स्थापिला. नक्कल करणाऱ्यांच्या हातून ग्रंथांत चुका शिरतात याची त्यास फार धास्ती असे. म्हणून त्यानें आपल्या सर्व ग्रंथांची स्वतः शुद्ध करविलेली प्रत या मठांत ठेविली व शंका आल्यास तीच पाहावी असें लिहून ठेविलें. एवढी काळजी घेतलेली ती प्रत पुढें नाहींशी झाली. राहिल्या त्या इतरांनीं केलेल्या नकला, ज्यांचा त्यास विश्वास नव्हता!

त्या नकलांतून ‘एल कोंदे लुकानोर’ हा त्याचा १३३५ सालीं पुरा झालेला ग्रंथ आज उपलब्ध आहे. काउंट लुकानोर आपला मंत्री पात्रोनियो यास व्यवहारांतील अडचण सांगतो आणि मंत्री एक गोष्ट सांगून उत्तर देतो, अशी त्याची रचना. त्यांतील सातवी गोष्ट डोन्या त्रुहाना या बाईची. ती डोक्यावर मधाचें मडकें घेऊन बाजारास निघाली. मध विकून अंडीं, अंड्यांच्या कोंबड्या, कोंबड्यांच्या मेंढ्या, मग संपत्ति, मग मुलामुलींचीं लग्नें. सुनाजांवयांच्या घोळक्यांतून आपण चाललों आहों हें चित्र डोळ्यांपुढें येतांच तिनें हंसून कपाळावर हात मारला आणि मडकें फुटलें.

वाचकहो, ही बाई आपल्या ओळखीची नाहीं काय? पंचतंत्राच्या पांचव्या तंत्रांतील, सातूच्या पिठाचा घडा खुंटीस टांगून सोमशर्मा नांवाच्या पुत्राचें स्वप्न पाहणाऱ्या ब्राह्मणाची ही दूरदेशची बहीण. आपल्याकडे अशा मनोराज्यास शेखमहंमदी म्हणतात तोही याच कुळांतला. सहाव्या शतकांत इराणचा बादशहा नौशेरवान याच्या पदरच्या वैद्यानें पंचतंत्र पहलवी भाषेंत नेलें; आठव्या शतकांत इब्न अल्-मुकफ्फा यानें तें अरबींत ‘कलीला व दिम्ना’ या नांवानें उतरविलें; आणि अरबीवरून १२५१ सालीं, आल्फोन्सो युवराज असतां, तें कास्तीलच्या भाषेंत आलें. या वाटचालींत पीठ जाऊन मध आला, ब्राह्मण जाऊन बाई आली. गोष्ट मात्र तीच राहिली. मौज ही कीं, ज्यांना थोपविण्यासाठीं दुएरोकांठीं तट उभारले, त्यांच्याच भाषेचें बोट धरून ती आंत आली. तटावरील कोणीही पहारेकऱ्यानें तिला अडविलें नाहीं.

यावरून आम्हांस जें वाटलें तें असें. गोर्माझची अजस्र भिंत रिकामी आहे. पेन्याफियेलची टेकडी गांवाच्या उपयोगीं पडते म्हणून नांदती आहे. मठांत जपून ठेविलेली शुद्ध प्रत गेली. हातोहात फिरलेल्या नकला राहिल्या. केवळ जपल्यानें वस्तु टिकत नाहीं, वापरल्यानें टिकते. हा नियम दगडास लागू आहे आणि अक्षरासही.

आमच्या पुष्कळ वाचकांच्या कपाटांत पंचतंत्राची चांगल्या बांधणीची प्रत असेल, आणि तिचीं पानें कोरींही असतील. घरांत नातवंडें आहेत, आजीआजोबा आहेत, रात्रीचें जेवण झाल्यावर अर्धा तास निघूं शकतो. ज्या कथेस स्पेनच्या सरहद्दीवरील दुर्ग अडवूं शकले नाहींत, तिला आपल्याच घरच्या कपाटाच्या कांचेनें अडवावें, हें कांहीं शोभण्यासारखें नाहीं. मुलें शब्द बदलतील, पिठाच्या जागीं दुसरेंच कांहीं घालतील. त्यांस तसें करूं द्यावें. सांगणारानें सुरुवात तेवढी करावी.