एक लिपस्टिक, चाळीस ओठ

शाळांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम आला, की रंगमंचामागे एक दृश्य हमखास दिसते. कोळीनृत्यातील मुली ओळीने उभ्या असतात आणि एकच लिपस्टिक, एकच काजळ, एकच स्पंज पहिलीपासून चाळिसावीपर्यंत फिरतो. लग्नसराईतील मेकअप आणि दुकानांतील ‘टेस्टर’ यांचीही गत फारशी वेगळी नसते.

ब्रिटनमधील अ‍ॅस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये वापरातील ४६७ सौंदर्यप्रसाधने तपासली. त्यांतील ७९ ते ९० टक्के वस्तूंवर जिवाणू आढळले. सर्वाधिक जिवाणू मेकअपच्या स्पंजवर होते. त्यांपैकी ९३ टक्के स्पंज कधीच धुतलेले नव्हते आणि ६४ टक्के जमिनीवर पडूनही वापरात होते.

जंतू आढळले म्हणजे आजार होतोच, असे नाही. निरोगी त्वचा बहुतेक जंतूंना दाद देत नाही. डोळे, ओठ आणि फुटलेल्या मुरमांची जागा मात्र नाजूक असते. डोळे येण्याचा संसर्ग काजळातून पसरू शकतो. ओठांवरील नागिणीसारख्या फोडांचा हर्पिस विषाणू लिपस्टिकवरून दुसऱ्यापर्यंत पोहोचू शकतो. मस्कऱ्याच्या ब्रशने बुबुळाला ओरखडा गेला आणि त्यात जंतू शिरले, तर जखम चिघळून दृष्टीवर बेतू शकते. प्रसाधनांत जंतुरोधक घटक असतात. पण ते रोज अनेकांच्या हाताळणीला पुरे पडतीलच, असे नाही.

सगळ्या वस्तूंचा धोका सारखा नसतो. ओलसर वस्तूंत जंतू सहज वाढतात, कोरड्या पावडरीत कमी. त्यामुळे मस्करा, काजळ, लायनर आणि लिपस्टिक प्रत्येकाची स्वतंत्र असावी. ते शक्य नसेल, तर लिपस्टिकचा थोडा भाग स्वच्छ चमच्याने ताटलीत काढून घ्यावा आणि प्रत्येकीला नव्या कापसाच्या काडीने लावावा. वापरलेली काडी पुन्हा ताटलीत बुडवू नये. डोळ्यांचे प्रसाधन मुलींनी घरूनच आणावे. ब्रश व स्पंज साबणाने धुऊन पूर्ण वाळवावेत. ओला स्पंज डबीत बंद करणे म्हणजे जंतूंना निमंत्रणच. मस्करा उघडल्यापासून साधारण तीन महिन्यांत टाकून द्यावा. डोळे आलेले असताना किंवा ओठांवर फोड असताना मेकअप टाळावा आणि त्या काळात वापरलेली वस्तू पुन्हा वापरू नये.

डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधूक दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब अशा वेळी घातक ठरू शकतात.

यासाठी फार खर्च लागत नाही. स्नेहसंमेलनाच्या सूचनापत्रात ‘काजळ-लिपस्टिक स्वतःची आणावी’ एवढी एक ओळ शाळेने वाढवली, तरी बराच धोका टळेल.