डोळ्याच्या आतला दिवा : उजेड किती आणि किती वेळ?

समजा, रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा पन्नाशीतला एक कामगार आहे. मधुमेह दहा वर्षांचा, गोळ्या सुरू आहेत. डोळे तपासायचे म्हणजे चष्म्याचा नंबर काढायचा, एवढीच त्याची समजूत. एके सकाळी उजव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगू लागतात आणि संध्याकाळपर्यंत सगळे धूसर होते. नागोठणे, पेण मागे टाकत तो पनवेल गाठतो. तिथे कळते की डोळ्याच्या पडद्यावरील नाजूक रक्तवाहिन्या फुटून आत रक्त साचले आहे आणि पडदाही ओढला जातो आहे. शस्त्रक्रिया करावी लागणार. नजर परत येईल का, खर्च किती, सुट्टी किती दिवस, हे घरचे विचारतात. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. डोळ्याच्या आतल्या अंधारात डॉक्टरांना दिसते कसे? आणि त्या उजेडाचा डोळ्याला त्रास होत नाही ना?

हा प्रश्न आता मोजक्या रुग्णांपुरता राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. त्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या राष्ट्रीय पाहणीत चाळिशीपुढील मधुमेहींपैकी १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाचे परिणाम आढळले, तर ४ टक्के लोकांची नजरच धोक्यात होती. या सर्वांना शस्त्रक्रिया लागत नाही. पण ज्यांना लागते, त्यांच्या डोळ्यात दिवा न्यावाच लागतो.

डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ असतो. त्याला वैद्यकीय भाषेत व्हिट्रियस म्हणतात. तो कापून बाहेर काढण्याची आजची पद्धत अमेरिकेत डॉ. रॉबर्ट माकेमर यांनी १९७० च्या सुमारास रूढ केली. पारदर्शक वस्तू दिसणार कशी, ही त्यातली मोठी अडचण. बाहेरून सूक्ष्मदर्शकाचा उजेड टाकला तर तो बुबुळापुढच्या पारदर्शक पटलावरून परावर्तित होतो आणि कडेचा पडदा अंधारातच राहतो. कौलांच्या फटीतून कवडसा आला की एरवी न दिसणारी धूळ त्यात दिसते. डोळ्याच्या आत बाजूने प्रकाश सोडला की व्हिट्रियसचे धागेही तसेच दिसू लागतात. त्यासाठी डोळ्याच्या पांढऱ्या भागातून, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे, बारीक छिद्र पाडून काचतंतूची नळी आत नेतात. आज ही नळी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते. दिवा मात्र बाहेरच्या यंत्रात असतो. आत जातो तो केवळ प्रकाश, त्यामुळे दिव्याची उष्णता डोळ्यापर्यंत फारशी पोहोचत नाही. काचतंतूंमधून प्रकाश वाहून नेण्याच्या विद्येला पायाभूत योगदान देणाऱ्यांत पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांचे नाव अग्रभागी आहे.

उष्णता टळली म्हणजे धोका संपला, असे मात्र नाही. प्रकाशाने पडद्याला होणारी इजा बहुतेक वेळा भाजण्याची नसते, ती रासायनिक असते. जांभळ्या-निळ्या प्रकाशात ऊर्जा जास्त असते. या प्रकाशाने पेशींत घातक रेणू तयार होतात आणि ते पडद्याच्या थरांना इजा करतात. ही इजा उजेडाच्या तीव्रतेबरोबर वाढते, तशी वेळेबरोबरही साठत जाते. मध्यम उजेडही बराच वेळ एकाच जागी पडला तर नडतो. एरवी डोळा स्वतःचा बचाव करतो. बाहुली आकसते, पापणी मिटते, नजर हलते. शस्त्रक्रियेत बाहुली औषधाने मोठी केलेली असते आणि डोळा इंजेक्शनने सुन्न व स्थिर केलेला असतो. पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून इजा होताना रुग्णाला काही जाणवत नाही. असे प्रसंग विरळ असतात, पण ते केवळ कागदावरचे नाहीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शकाच्या उजेडाने पडद्याच्या मध्यभागी इजा झाल्याची नोंद १९८३ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात आली होती. आतून सोडलेला प्रकाश तर पडद्याच्या कितीतरी जवळ असतो.

म्हणून गेल्या काही दशकांत या दिव्यावर बरेच काम झाले. डोळ्याच्या आत वापरायच्या प्रकाशसाधनांसाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरले. अतिनील आणि जांभळ्या टोकाचा प्रकाश अडवणाऱ्या गाळण्या आल्या. हॅलोजननंतर अधिक प्रखर झेनॉन दिवे आले, पुढे एलईडी. झुंबरासारखा वरून सर्वत्र पसरट प्रकाश देणारी नळी आली. तिच्यामुळे सर्जनचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि दिवा पडद्यापासून लांब राहतो. अंतराला इथे फार महत्त्व आहे. नळी पडद्याच्या जवळ जाते तशी प्रकाशाची तीव्रता झपाट्याने वाढते. आता सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात न पाहता मोठ्या त्रिमितीय पडद्यावर पाहून शस्त्रक्रिया करणारी यंत्रणाही मोठ्या रुग्णालयांत दिसू लागली आहे. तिचा कॅमेरा संवेदनशील असल्याने कमी उजेडात काम भागते.

पण उजेड कमी केला की सुरक्षितता आपोआप वाढते, असेही नाही. पडद्याला चिकटलेली पातळ झिल्ली सोलताना सर्जनला ती नीट दिसली नाही तर पडदाच फाटू शकतो. त्यामुळे सुरक्षित उजेड म्हणजे कामाला पुरेल इतकाच उजेड. अनुभवी सर्जन नळी शक्य तितकी मागे धरतात, तिचा झोत मध्यबिंदूवर स्थिर ठेवत नाहीत आणि नाजूक काम संपताच तीव्रता उतरवतात. महाग यंत्राइतकीच ही शिस्तही महत्त्वाची आहे.

तीव्रता, अंतर आणि रंग सर्जनच्या हातात असतात. चौथी बाब म्हणजे वेळ, आणि तो बराचसा रुग्ण कधी आला यावर ठरतो. केवळ साचलेले रक्त काढायचे असेल तर काम तुलनेने लवकर आटोपते. पडदा जागोजागी ओढला गेला असेल, झिल्ल्या घट्ट चिकटल्या असतील, तर शस्त्रक्रिया लांबते आणि पडदा तेवढा वेळ प्रकाशाखाली राहतो. याच रुग्णाचा दोष काही वर्षे आधी सापडला असता, तर कदाचित लेझर किंवा इंजेक्शनवर भागले असते आणि दिवा आत न्यावाच लागला नसता.

धाटावसारख्या ठिकाणी याला आणखी एक पदर आहे. छिन्नी-हातोडीवर किंवा ग्राइंडरवर काम करताना उडालेली लोखंडाची कणी डोळ्यात शिरली, तर जखम इतकी बारीक असते की कामगार पाणी मारून पुन्हा कामाला लागतो. आत राहिलेले लोखंड मात्र हळूहळू पडदा निकामी करते. अशा संशयात एमआरआय करायचा नसतो, कारण चुंबकाने कणी सरकू शकते. रसायनाने पुढचे पटल पांढरे झाले तर गुंतागुंत आणखी वाढते. आतला दिवा लावूनही बाहेरून काही दिसत नाही, आणि दिवा व कॅमेरा एकत्र असलेली दुर्बीण डोळ्यात न्यावी लागते. रसायन उडाल्यास लगेच किमान १५ ते ३० मिनिटे भरपूर पाण्याने डोळा धुणे आणि कामावर सुरक्षा-चष्मा न काढणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मधुमेहींसाठी उपाय तितकाच साधा आहे. निदान होताच आणि त्यानंतर दरवर्षी, दिसण्यात काही फरक नसला तरी, बाहुली मोठी करून किंवा कॅमेऱ्याने पडदा तपासून घ्यावा. कारखान्यांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत मधुमेही कामगारांसाठी पडद्याचे छायाचित्र जोडले, तर रोह्याहून पनवेलपर्यंतची कितीतरी जणांची धावपळ टळेल. शस्त्रक्रिया ठरलीच तर किती वेळ लागेल, मधल्या नजरेला धोका किती, हे विचारायला संकोच नको. काही रुग्णांना शस्त्रक्रियेदरम्यान आत प्रकाश किंवा हलत्या सावल्या दिसतात. त्याला घाबरू नये. मात्र नंतरच्या दिवसांत नजरेच्या मध्यभागी नवा काळा डाग जाणवला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे.

डोळ्यात न्यायचा दिवा वर्षागणिक अधिक सुरक्षित होतो आहे. तो आत किती वेळ ठेवावा लागेल, हे मात्र पहिली तपासणी कधी झाली यावरच बरेचसे ठरते.