काम थांबलं, मग खड्डा कुणाचा?

बंद पडलेला प्रकल्प म्हटला की आपण फक्त बुडालेले पैसे मोजतो. पण मागे काय उरतं? उघडे खड्डे, गंजलेल्या सळया, साचलेलं पाणी आणि मोडकं कुंपण. त्याचा हिशोब कोण ठेवतो?

अंजनवेलचंच घ्या. एन्रॉनचा 'दाभोळ' प्रकल्प (नाव दाभोळचं, जागा खाडीच्या अलीकडे अंजनवेलची!) २००१ साली ठप्प झाला. पहिला ७४० मेगावॅटचा टप्पा तयार, दुसरा अपुरा. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांची रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी स्थापन होईपर्यंत भांडणं चालू होती. तरी मधल्या काळात तिथल्या मालमत्तेसाठी हायकोर्टाचा रिसीव्हर आला. कारण उघड आहे, आत बँकांचे हजारो कोटी अडकले होते. टर्बाइनला वाली मिळाला!

आता अंजनवेलला जाताना लागणारा मुंबई-गोवा महामार्ग बघा. पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ ला सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर १६ ऑक्टोबर २०२३ रोजी उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले. जीवितहानी झाली नाही हे नशीब. आणि हे काम चालू असताना, इंजिनिअर जागेवर असताना. जिथे वॉचमनसुद्धा पगार थकल्यावर निघून गेलाय तिथे काय?

आम्ही प्रोग्राम लिहितो तेव्हा 'फायनली' नावाचा ब्लॉक असतो. मधेच काहीही फाटलं तरी उघडलेली फाईल बंद करायचं काम तो करतोच. बांधकामाच्या करारात हा ब्लॉक कुठे असतो हो?

लोक म्हणतील, काम पैशाअभावीच थांबतं, मग कुंपणाला पैसे आणायचे कुठून? अहो, म्हणूनच ते आधी घ्यायचे! परवानगी देतानाच वेगळी अनामत ठेवा. तीस दिवस काम बंद राहिलं की पालिकेने किंवा ग्रामपंचायतीने त्यातून पत्रे ठोकावेत, खड्डे झाकावेत, पाणी उपसावं, परांची उतरवावी, दिवा लावावा. आणि जबाबदार माणसाचं नाव, फोन नंबर फलकावर लिहावा. ठेकेदार आणि मालकाचा खटला पुढे वीस वर्षं चालेना का.

पुढच्या वेळी फ्लॅट बुक करताना जिम, स्विमिंग पूल सगळं विचाराल. एक प्रश्न जास्तीचा विचारा: काम थांबलं तर हा खड्डा कोण झाकणार?

बिल्डर गप्प बसला, तर समजून घ्या.