अठरा हजारांची वायर

आमचे साडूभाऊ गाणं ऐकत नाहीत, 'सिस्टीम' ऐकतात. हा फरक मला समजायला चार वर्षं आणि निदान तीस कप चहा लागला.

त्यांच्या दिवाणखान्यात पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर उभे आहेत. पूर्वी तिथे सोफा होता. आता एकच खुर्ची आहे, दोन्ही स्पीकरांपासून टेपनं मोजून सारख्या अंतरावर ठेवलेली. तिच्यावर साडूभाऊ बसतात. पाहुणे स्वयंपाकघरात. सगळा सरंजाम साडेचार लाखांचा. हा आकडा मला मेहुणीनं सांगितला, तोही मिक्सर चालू करून.

पैसा त्यांचा. मी बोलायचं काही कारण नव्हतं. पण गेल्या दिवाळीत ते मला म्हणाले, "तुम्ही मोबाईलवर अब्दुल करीम खाँ ऐकता? अहो, हा गुन्हा आहे!" तेव्हापासून मला गप्प बसणं जमेनासं झालंय. मी बी.कॉम. आहे. 'कशासाठी?' हा रकाना भरल्याशिवाय व्हाउचर पास करायचं नाही, एवढंच काय ते शिक्षण माझ्या अंगात मुरलंय.

तर अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांचं गाणं आपल्यापर्यंत आलं ते ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. १९२५च्या आधी तर तबकड्या भरायला मायक्रोफोनच नसायचा. गवयानं एका कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि त्या आवाजाच्या धक्क्यानं पलीकडच्या सुईनं मेणावर रेघ ओढायची. तंबोरा आणि डग्गा त्या कर्ण्यात जेवढे शिरले तेवढे शिरले, बाकीचे बाहेरच राहिले. आता जी रक्कम खात्यात जमाच झाली नाही ती साडेचार लाखांचं यंत्र काढणार कुठून? साडूंकडे मी खाँसाहेबांना मुद्दाम ऐकलं. खाँसाहेब होते तेवढेच राहिले, खरखर मात्र अशी वाढली की शेजारी कोणीतरी भजी तळतंय असं वाटावं. साडूभाऊ डोळे मिटून म्हणाले, "बघा, सुईचा आवाजसुद्धा किती स्वच्छ येतो!"

जुन्या सिनेमातल्या गाण्यांची तीच गत. ती बहुतेक सगळी मोनो, म्हणजे एकाच वाटेनं भरलेली. मग दोन्ही स्पीकर तेच ते एका सुरात सांगत बसतात, आमच्या शाखेत साहेब आणि धाकटे साहेब सांगतात तसं. हल्लीची गाणी तर कुजबुज आणि किंकाळी एकाच उंचीवर आणून, दाबून-चेपून तयार केलेली असतात. ती रिक्षात ऐकावीत, तीही जवळच्या अंतरासाठी. आणि लावणीला काय हवं? ढोलकी, घुंगरू आणि मागच्या रांगेतली शिट्टी. शेवटची वस्तू कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आता न्यायाची गोष्टही सांगायला हवी. एकदा साडूंनी ख्यालाच्या एका मैफलीचं चांगलं ध्वनिमुद्रण लावलं. मागे दोन तंबोरे. मोबाईलवर तंबोरा म्हणजे फ्रिजची घरघर. इथे मात्र एकेक तार सुटी ऐकू यायला लागली, आणि थोड्या वेळानं खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार उमटला. या स्वयंभू गंधाराबद्दल मी आजवर नुसतं वाचलं होतं. हातातला चहा निवला. पाश्चात्त्यांच्या वाद्यवृंदाचंही तसंच. एका बासरीच्या पुटपुटण्यापासून शंभर वादकांच्या गडगडाटापर्यंत जायचं तर लहान स्पीकर एका टोकाला मुका होतो आणि दुसऱ्या टोकाला फाटतो. अशा ठिकाणी पैसा काम करतो, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

पण किती पैसा? घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम मला परीक्षेत पाठ करूनही आला नव्हता, तो साडूंच्या घरी समजला. पाचशेवरून पंधरा हजारांवर गेलात तर स्वर्ग. पंधरावरून साठावर गेलात तर स्वर्गात खिडकीजवळची जागा. त्यापुढे वायर!

वायर अठरा हजारांची. सीडी वाजवणाऱ्या यंत्रातून ॲम्प्लिफायरकडे आकडे नेणारी. सीडीवरचं गाणं म्हणजे सेकंदाला ४४,१०० नोंदींची खतावणी, तीही डाव्या-उजव्या बाजूची वेगवेगळी. नोंद पोचली की पोचली. वायरीला सोन्याचा मुलामा दिला म्हणून हजाराचे अकराशे जमा होत नाहीत. पण साडूंनी "आता नवी वायर ऐका हं," म्हणून गाणं लावलं, तेव्हा मी काय म्हणालो असेन? "वा! तबला पुढे आला." त्यावर ते थंडपणे म्हणाले, "अजून लावली नाहीये." आणि तिकडे तंबोऱ्यात तो सगळा चमत्कार घडवायला घोडीवर, तारेखाली, काय सारतात? सुताचा दोरा. शिवणाच्या डब्यातला!

एवढं बोलूनही खरं सांगतो, त्या गंधारानं मी घसरलो होतो. नव्वद हजारांची एक ठेव मुदत संपून हाताशी आली होती आणि साडूंनी यादीही करून दिली होती. त्याच आठवड्यात वडील म्हणाले, "हल्ली गाण्यात 'स' कोणी म्हणतच नाही." लागलेलं होतं गीतरामायण. १९५५ साली ते वाड्यातल्या एकुलत्या एक रेडिओसमोर, वीस-पंचवीस जणांच्या घोळक्यात त्यांनी ऐकलेलं, आठ वर्षांचे असताना. त्या रेडिओतून त्यांना सगळे 'स' ऐकू आले होते.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला. रेघ उजवीकडे, म्हणजे वरच्या पट्टीकडे, आमच्या शाखेच्या ठेवींसारखी घसरत गेलेली. "वयानं आधी हेच जातं," ते म्हणाले. दोन कानांची दोन यंत्रं घेतली आणि ठेव संपली. ही यंत्रं मुळात बोलणं ऐकण्यासाठी बनवलेली, त्यामुळे पहिल्या दिवशी वडिलांना तंबोरा डासासारखा लागला. मग गाण्यासाठी वेगळी जुळणी करून घ्यावी लागली.

साडूभाऊ बघायला आले. यंत्र तळहातावर घेऊन त्यांनी आदरानं विचारलं, "किती चॅनेल?"

"सोळा," मी म्हणालो.

"सोळा! माझ्या ॲम्प्लिफायरला दोनच आहेत हो." बराच वेळ ते गप्पच होते.

आतल्या खोलीत टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. वडिलांनी हाक मारली, "अरे, कोण आहे तिकडे? या टीव्हीचा आवाज जरा कमी करा!"