कादंबरीच्या घरातून अद्भुताची हकालपट्टी

पीएच.डी.च्या विषयनिश्चितीसाठी भरलेल्या एका समितीपुढे माझ्या एका विद्यार्थिनीने विषय मांडला होता : 'मराठी कथनपरंपरेतील मंत्रविद्येचे प्रतिस्पर्धी आणि त्यांचे प्रणय'. इतिहासाचा आभास असलेला काळ, एकमेकांवर कुरघोडी करू पाहणारे दोन सिद्ध किंवा मांत्रिक, आणि त्या चढाओढीतूनच उमलणारे किंवा करपणारे प्रेम, अशा कथांचा शोध तिला घ्यायचा होता. दहा मिनिटांत विषय फेटाळला गेला. तीन आक्षेप नोंदवले गेले. हा बालवाङ्मयाचा विषय आहे. ही पलायनवादी अभिरुची आहे. आणि जादूटोण्याविरुद्ध समाज लढत असताना विद्यापीठाने असल्या विषयांना प्रतिष्ठा देणे अनुचित आहे. हे आक्षेप त्या समितीपुरते असते तर त्यांची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु दीडशे वर्षांच्या मराठी समीक्षाव्यवहाराचा तो सारांश आहे, आणि म्हणूनच त्यांचा प्रतिवाद जाहीरपणे करणे आवश्यक वाटते.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर 'कादंबरी' ह्या शब्दातच आहे. इंग्रजीतील 'नॉव्हेल'ला प्रारंभी आपण 'नावल' म्हणत होतो. काशिनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांचा १८७२ सालचा निबंध 'नावल व नाटक' ह्यांविषयीच आहे. पुढे 'नावल' मागे पडले आणि 'कादंबरी' रूढ झाले. ज्या कृतीचे नाव आपण संपूर्ण वाङ्मयप्रकाराला दिले, ती बाणभट्टाची सातव्या शतकातील कथा काय आहे? एक पोपट राजसभेत येऊन गोष्ट सांगतो. विरहात मरणारा पुंडरीक चंद्राला शाप देतो आणि चंद्र त्याला उलट शाप देतो. प्रेमिक एका जन्मातून दुसऱ्या जन्मात भरकटतात आणि नायिका निश्चेष्ट देहाजवळ वाट पाहत बसते. ह्या कथेचे नाव घरावर लावायचे आणि तिच्या कुळातील सर्वांना अंगणातून हाकलायचे, ही विसंगती आपल्या लक्षातही येत नाही. बाणाला बालवाङ्मयकार म्हणण्याचे धाडस मात्र अद्याप कोणी केलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक जुना आणि अधिक प्रतिष्ठित आहे. 'यमुनापर्यटन' (१८५७) हे सामाजिक वास्तवाचे, 'मुक्तामाला' (१८६१) हे कल्पनारम्यतेचे आणि 'मोचनगड' (१८७१) हे ऐतिहासिकतेचे, अशा तीन प्रवृत्तींची मांडणी भालचंद्र नेमाडे ह्यांनी केली. मराठी कादंबरीच्या इतिहासाला तिने पहिल्यांदा काही एक शिस्त लावली, हे मान्य केले पाहिजे. परंतु मांडणी वर्णनापुरती राहिली नाही. तिची उतरंड झाली. मुक्तामाला-प्रवृत्ती म्हणजे रंजन, रंजन म्हणजे वास्तवापासून पळ, आणि पळ म्हणजे वाङ्मयीन गुन्हा, हे समीकरण पुढच्या दोन पिढ्यांनी पाठ केले. लक्ष्मणशास्त्री हळबे किंवा नारो सदाशिव रिसबूड ह्यांच्या कृती श्रेष्ठ होत्या असे मी म्हणत नाही. त्यांतील बहुतेक पात्रे कागदी आहेत, योगायोगांचा सुळसुळाट आहे आणि भाषा अलंकारांनी वाकलेली आहे. प्रश्न इतकाच आहे, की एका प्रवृत्तीच्या आरंभीच्या दुबळ्या कृतींवरून त्या प्रवृत्तीलाच दोषी ठरवण्याचा न्याय आपण वास्तववादाला कधी लावला आहे काय? उपदेशाच्या भाराने वाकलेल्या शेकडो सामाजिक कादंबऱ्या वास्तववादाच्या खात्यावर अजूनही जमेच्या बाजूला लिहिल्या जातात.

ह्या संदर्भात 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेकडे पुन्हा पाहिले पाहिजे. तीत रिसबूड जे सांगतात त्याचा आशय असा, की आपल्या समाजातील विवाहाच्या रूढी आणि आयुष्यक्रम ह्यांत कुतूहल वाटावे असे काही घडतच नाही. तेव्हा नित्य पाहण्यातले लिहायचे तर मनोरंजक कथा निर्माण होणार कशी? हे विधान आपल्याकडे लेखकाच्या दौर्बल्याची कबुली म्हणून वाचले जाते. मला ते त्या काळातील एक अत्यंत नेमके सामाजिक निरीक्षण वाटते. मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना लग्न उरकणाऱ्या समाजात दोन प्रौढ माणसे एकमेकांना पारखतात, नाकारतात, हरवतात आणि निवडतात, हे वास्तववादी पद्धतीने दाखवणार कसे? जे घडण्याला समाजात जागाच नव्हती, त्याला अद्भुताने जागा दिली. विमाने, मायावी महाल आणि शापित राजपुत्र हा त्या जागेचा किराया होता.

पलायनाविषयी बोलायचे तर मी जिथे राहते त्या गावाचा दाखला देता येईल. इंग्रजी भाषेत डोके फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात. हा शब्द आमच्या देवळालीचा अपभ्रंश आहे. मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथील छावणीत महिनोन्‌महिने पडून असत, आणि उन्हाने, दारूने, रिकामपणाने त्यांची मने ढळत. मूळ प्रयोग 'डूलॅली टॅप' असा होता, आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. ह्या शब्दाच्या इतिहासात समीक्षकांसाठी एक धडा आहे. त्या सैनिकांना वेड लागले ते परीकथा वाचून नव्हे. काहीच न घडणाऱ्या, जिथून बाहेरच पडता येत नाही अशा वास्तवाने लागले. कल्पनेला रोगाचे कारण ठरवण्यापूर्वी ती उपचार तर नव्हती ना, हे पाहायला हवे.

आता मूळ विषयाकडे वळू. विद्यार्थिनीचा प्रश्न असा होता : मंत्रसामर्थ्य असलेले दोन प्रतिस्पर्धी एकमेकांच्या प्रेमात पडतात, ही कथा मराठीने कशी सांगितली? तिने गोळा केलेली सामग्री पाहिल्यावर जे हाती आले ते कोणत्याही 'गंभीर' प्रबंधाइतके गंभीर होते.

कच-देवयानीचे आख्यान घ्या. देवांचा कच शत्रुपक्षाच्या गुरूकडे संजीवनी विद्या मिळवायला येतो. म्हणजे तो मुळात हेर आहे. असुर त्याला तीनदा मारतात : एकदा तुकडे करून लांडग्यांना घालतात, एकदा कुटून समुद्रात मिसळतात, आणि शेवटी जाळून त्याची राख मद्यातून खुद्द शुक्राचार्यांनाच पाजतात. तिन्ही वेळा तो जिवंत होतो तो देवयानीच्या हट्टामुळे. शेवटी विद्या कचाला मिळते, तीही गुरूच्या पोटात बसून. आणि ती जन्मभर ज्या घरात होती, त्या घरातल्या मुलीला ती कोणी देत नाही. देण्याचा विचारही कुणाच्या मनात येत नाही. देवयानीपाशी फक्त शाप उरतो. 'तुझी विद्या तुला फळणार नाही' हा तो शाप. प्रेम नाकारले गेल्याचा तो संताप आहेच. पण ज्ञानाच्या व्यवहारातून वगळल्या गेलेल्या एका बुद्धिमान मुलीने त्या व्यवहारावर बजावलेला तो एकमेव अधिकारही आहे. कच उत्तर देतो, की मला फळली नाही तरी मी जिला शिकवीन त्याला फळेल. आणि कोणीही ऋषिपुत्र तुझे पाणिग्रहण करणार नाही. विद्येची वाट पुरुषांमधून पुढे जाते आणि विवाहाची वाट तिच्यापुढे बंद होते.

मराठीने ह्या आख्यानाचे काय केले? खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'त (१९१३) राखेचा तो पेला मद्यपाननिषेधाचे साधन झाला. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) देवयानीला स्वतःच्या निवेदनाचा अधिकार मिळाला, ही मोठी गोष्ट. परंतु तिच्या वाट्याला आला तो मुख्यतः अहंकार, आणि कचाच्या वाट्याला नैतिक उंची. दोन्ही कृती आपापल्या जागी महत्त्वाच्या आहेत. मला दाखवायचे आहे ते हे, की अद्भुताला मराठीत शिरण्यासाठी उपदेशाचा परवाना काढावा लागला, आणि तो काढताना देवयानीचा खरा प्रश्न सीमेवरच राहिला.

दुसरे उदाहरण धुंडिसुत मालूच्या 'नवनाथ भक्तिसार' (शके १७४१, म्हणजे १८१९) ह्या ग्रंथाचे. चाळीस अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ आजही घरोघर पोथी म्हणून वाचला जातो आणि मराठीच्या वर्गात क्वचितच उघडला जातो. त्यात गोरक्ष आणि कानिफा झाडाची फळे मंत्राने उतरवतात आणि ती पुन्हा देठाला लावण्याची पैज घालतात. मच्छिंद्रनाथ मारुतीला झुंजीत हरवतात, आणि मग त्याच मारुतीच्या सांगण्यावरून स्त्रीराज्यात जाऊन राणीबरोबर संसार थाटतात. गुरूला सोडवण्यासाठी आलेला गोरक्ष मृदंगाच्या बोलांतून आपल्या आगमनाची वर्दी देतो. पुढे गुरुपुत्राला धुणे आपटावे तसा दगडावर आपटतो आणि पुन्हा जिवंतही करतो. हा विक्षिप्त, खट्याळ, कधी कधी अंगावर येणारा विनोद हे त्या ग्रंथाचे खरे सामर्थ्य. परंतु सगळी पुरुषशून्य सत्ता जिच्या हाती आहे त्या राणीजवळ मंत्र मात्र एकही नाही. प्रभातच्या 'माया मच्छिंद्र' (१९३२) चित्रपटात दुर्गा खोटे ह्यांनी ही राणी पाळीव चित्त्यासह मोठ्या दिमाखात उभी केली. आणि अखेरीस ते सारे राज्य गुरूने रचलेली माया ठरले. प्रतिस्पर्धी स्त्री पडद्यावर आली, आणि ती नव्हतीच असे सिद्ध करून कथा संपली.

मंत्रसामर्थ्यात वरचढ स्त्री परंपरेला ठाऊकच नव्हती काय? होती. वाघावर बसून, हाती सापाचा आसूड घेऊन आलेल्या चौदाशे वर्षांच्या चांगदेवाचे गुरुपद परंपरा मुक्ताबाईला देते. पण ती मुक्ताबाई वयाने लहान आहे, विरक्त आहे, आणि प्रणयाच्या कक्षेच्या पूर्णपणे बाहेर आहे. जी स्त्री प्रेयसी आहे तिला विद्या नाही, आणि जिला विद्या आहे तिला प्रेयसी होता येत नाही, अशी ही विभागणी आहे. मराठी कथनाच्या तळाशी असलेला हा नियम विद्यार्थिनीला सापडला तो केवळ ह्या 'बालिश' सामग्रीमुळे. सामाजिक कादंबऱ्यांत तो वास्तवाच्या तपशिलाखाली झाकला जातो. अद्भुतात तो उघडा पडतो.

आणि तरीही नियमाला तडे जाताना दिसतात. देवळाली कॅम्पची खंडोबाची टेकडी आमच्या रोजच्या पाहण्यातली. विद्यार्थिनीच्या घरी लग्नानंतर जागरण घालतात. वाघ्या-मुरळी बाणूची कथा लावतात. म्हाळसेबरोबर सारीपाट खेळताना देव हरतो आणि बारा वर्षांसाठी घराबाहेर पडतो. धनगराच्या बाणाईच्या वाड्यावर वेष पालटून चाकरी करतो. एके दिवशी तिची सगळी मेंढरे मारून टाकतो आणि लग्नाचे वचन घेतल्यावरच ती उठवतो. ही धमकी आहे, ह्याकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. पण ज्याच्यापाशी जीव परत आणण्याची शक्ती आहे त्याला आधी एका मेंढपाळ बाईचे शेण काढावे लागते, आणि लग्नानंतर दोन बायकांच्या भांडणात त्याच देवाची पुरती फटफजिती होते. मुरळी ते भांडण दोन्ही बाजूंनी गाते आणि मांडवातल्या बायका हसतात. ते हसणे कोणत्या सिद्धान्तात बसवायचे? रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर ह्यांनी खंडोबाच्या परंपरेचा जो अभ्यास केला तो दैवतविज्ञानाच्या आणि लोकसंस्कृतीच्या कपाटात ठेवून आपण मोकळे झालो. कथनमीमांसेने ते कपाट उघडलेच नाही.

तिसरा आक्षेप मी सर्वांत गांभीर्याने घेते. चमत्कारकथांनी ह्या समाजाला गुलाम केले, हे जोतीराव फुले ह्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) दाखवून दिले. जादूटोण्याच्या नावाखाली होणाऱ्या अत्याचारांविरुद्धच्या दीर्घ लढ्यानंतर, डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांच्या खुनानंतर, २०१३ साली महाराष्ट्रात कायदा झाला. ज्या साहित्यप्रवाहांना आपले भोगलेले वास्तव केवळ नोंदवण्यासाठीही झगडावे लागले, त्यांना अद्भुताची स्तुती संशयास्पद वाटली तर ते स्वाभाविक आहे. परंतु फुल्यांनी पुराणकथा टाकून दिल्या नाहीत. अवतारकथा त्यांनी उलट्या बाजूने सांगितल्या, आणि बळीला पाताळातून वर काढले. कथेला प्रतिकथेने उत्तर देण्याचा मार्ग त्यांनीच घालून दिला. गंडा बांधून पैसे उकळणारा भोंदू समोरच्याला विश्वास ठेवायला लावतो. कथाकार अविश्वास शाबूत ठेवून ऐकायला लावतो. जागरणातल्या बाईला मेंढरे उठत नाहीत हे पक्के ठाऊक असते. हा भेद न करणारी समीक्षा भोंदूचाच समज पुढे चालवते : मंत्र उच्चारला की तो लागतोच, असा.

इतिहासाचे शुद्धतावादी म्हणतील, की इतिहासात असली भेसळ नको. त्यांनी आपले पंचांग उघडावे. मातीचे शिपाई सजीव करून विक्रमाशी लढणाऱ्या पैठणच्या शालिवाहनाची दंतकथा ज्या शकाला चिकटली आहे, तो शक त्यात छापलेला असतो.

आज इतिहास, मंत्र आणि प्रेम ह्यांचे खेळकर मिश्रण तरुण वाचक परभाषांतून मिळवून वाचतात. त्यांतले काही मराठीत लिहूही लागले आहेत. त्यांचे लेखन पुष्कळदा उसने असते. गावांची नावे मराठी आणि भुते परदेशी. हा दोष त्यांचा जितका, तितकाच त्यांना स्वतःच्या परंपरेचा पत्ता न देणाऱ्या अध्यापकांचा आहे, आणि त्या अध्यापकांत मीही येते. वीस वर्षे मी 'कादंबरी : उगम आणि विकास' शिकवताना 'मंजुघोषा' एका तासात संपवली आणि 'नवनाथ भक्तिसार' तर उच्चारलाही नाही.

म्हणून मागणी साधी आहे. एम. ए.च्या कथनसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत 'यमुनापर्यटना'शेजारी बाणाची 'कादंबरी' अनुवादातून, 'नवनाथ भक्तिसारा'तले स्त्रीराज्याचे अध्याय आणि बाणूच्या जागरणाची एखादी ध्वनिमुद्रित संहिता ठेवावी. मग ह्या कृती दुबळ्या आहेत असे ठरले तर ठरू दे. पण ते वाचून ठरावे. देवयानीला संजीवनी मिळाली असती तर कचाबरोबरचे तिचे भांडण कसे झाले असते, ही कथा मराठीत अजून कोणी लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही. ती लिहिली जाईल तेव्हा तिला बालिश म्हणणारी समिती बहुधा तीच असेल. विद्यार्थिनीने विषयाचे शीर्षक न बदलता नवा अर्ज तयार केला आहे. त्यावर मी मार्गदर्शक म्हणून सही केली आहे.