न्हाणीघरातला पांढरा थर

लातूर-नांदेडकडे बोअरच्या पाण्यात क्षार फार. बघता बघता शॉवरची भोके बुजतात. हा थर मुख्यतः चुन्याचा. साबणाला दाद देत नाही, आंबटाने विरघळतो. विकतची बाटली कशाला? चिंच घरचीच. दाट कोळ गाळून पिशवीत घालावा, शॉवरचे तोंड त्यात बुडवून पिशवी तासभर बांधावी, मग दात घासायच्या जुन्या ब्रशने घासावे. पितळी तोटीही लखलखते. शहाबादी फरशीवर मात्र कोळ सांडू देऊ नका. तो दगडही चुन्याचाच, खरबरीत होतो. तिला धुण्याचा सोडा नि खराटा पुरे.

आणि टाकीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर चिंच, लिंबू, ॲसिड यांत कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो. कोंदट न्हाणीत जिवावर बेतते.