मूठभर तांदळाचा आनंद

कर द्यावा लागतो. दान द्यावेसे वाटावे लागते. ख्रिस्ती धर्मविचाराने हा भेद आरंभीच जाणला. इ. स. ५५ च्या सुमारास जेरुसलेममधील गरजू बांधवांसाठी वर्गणी जमविताना संत पौलाने करिंथकरांना आज्ञा केली नाही. त्यांच्यापुढे त्याने मासेदोनियातील मंडळ्यांचे उदाहरण ठेवले. त्या स्वतः दारिद्र्यात होत्या; तरीही या सेवेत आपला वाटा असावा, अशी त्यांनी आपण होऊन विनंती केली होती.

हाच विचार मिझोरममधील प्रेस्बिटेरियन स्त्रियांनी चुलीपाशी आणला. १९१० च्या सुमारास सुरू झालेली ‘बुहफाई थाम’ ही प्रथा आजही टिकून आहे. भात रांधण्यापूर्वी मूठभर तांदूळ देवाच्या कार्यासाठी बाजूला काढावयाचे. साठलेले तांदूळ चर्चकडे जातात आणि त्यांच्या विक्रीतून धर्मकार्यास पैसा मिळतो. या प्रथेचे मर्म ‘रांधण्यापूर्वी’ या शब्दात आहे. जेवून उरलेले देणे सोपे असते. आधी काढलेली मूठ घरच्या ताटातून वजा होते, आणि म्हणूनच ती देणाऱ्यास त्या कार्याचा वाटेकरी करते. आनंद उपजतो तो या वाटेकरीपणातून.

अशी मूठही कालांतराने निव्वळ सवय किंवा लोकलाज बनू शकते, हा आक्षेप खोटा नाही. मात्र त्यावर उपाय एकच: वर्गणीचा तगादा आणि दात्यांच्या नावांच्या पाट्या यांना आवर घालणे. सक्तीने निधी वाढेल. देणाऱ्याचा आनंद मात्र आटेल. यांपैकी आपणांस काय जमवावयाचे आहे, हे प्रत्येक धर्मसंस्थेने ठरवावे.